सात पराभवांचा अहवाल

१८ नोव्हेंबर

४१–५८. कणकवलीच्या मुलींनी देवगडात येऊन आमच्या शाळेच्या मुलींना बास्केटबॉलमध्ये धुतलं. आठ सामने, सहावा पराभव.

गुरुप्रसाद सरांनी टाइमआउट कधी मागितला? तिसऱ्या क्वार्टरमध्ये, चौदा गुणांनी मागे पडल्यावर. वरातीमागून घोडं! गुणलेखनाच्या टेबलावर मीच असतो, टाइमआउट मागायला माझ्याकडेच यावं लागतं. घड्याळात ३.१२ मिनिटं शिल्लक होती. लिहून ठेवली.

फ्री थ्रो बावीस, आत गेले सात.

आठ वर्षांत सात वेळा विभागाचं अजिंक्यपद आणणारा हा प्रशिक्षक! ऑफिसबाहेरच्या कपाटातल्या करंडकांवर कोंबडीसारखा बसून राहिला. आता अंडी नासली.

२० नोव्हेंबर

संस्थेचे अध्यक्ष हरिश्चंद्रराव यांनी बोलावून घेतलं. सरांचं कंत्राट पंधरा डिसेंबरला संपतं. पुढे ठेवायचे की नाही, हे समिती ठरवणार. म्हणाले, तुमच्याइतकं बारकाईने कोणी लिहीत नाही, अहवाल द्या.

मी प्रयोगशाळेतला मदतनीस. दहावी नापास. बास्केटबॉलचं नियमपुस्तक लायब्ररीतून आणलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून एकट्याने वाचलं. दोनदा. पदवीवाल्याची परीक्षा आता मी घेणार.

२१ नोव्हेंबर

पाच वर्षांपूर्वी मी सरांना म्हटलं होतं, मला सहायक म्हणून बेंचवर घ्या. मुलींसमोर हसले. "सत्यवाना, लिवणारो येगळो, खेळवणारो येगळो."

अहवालात हे येणार नाही. अहवालात फक्त आकडे.

२५ नोव्हेंबर

सातवा पराभव. ३८–५२.

सलोनीचे सलग चार पास चुकले, तरी सरांनी तिला बाहेर काढलं नाही. सहा मिनिटं! शेवटी तीच रडत बेंचवर येऊन बसली. सामना संपल्यावर सरांनी मुलींना गोळा केलं, चूक माझी आहे, तुमची नाही म्हणाले. मुलींचे चेहरे उजळले. काय हा मोठेपणा! चूक कबूल केल्याने फळ्यावरचे गुण वाढतात का?

खरं ते लिहितो. त्या आठ वर्षांत पाच फूट दहाच्या मुली आपोआप आल्या. उंचीला प्रशिक्षक लागत नाही. बुटक्या मुली आल्या आणि माणूस उघडा पडला.

२८ नोव्हेंबर

अकरा पानं झाली. नऊ सामने, प्रत्येक टाइमआउट, प्रत्येक बदली, प्रत्येक चुकलेला फ्री थ्रो. शेवटचं वाक्य चार वेळा खोडून पाचव्यांदा जमलं – 'यश हे त्यांच्या हातून घडले नसून त्यांच्या काळात घडले.'

कावेरीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ह्यो अहवाल काय शिमग्याची बोंब?" मी म्हटलं, एक तरी खोटी ओळ दाखव. तर म्हणते, "काटे बरे येचलात. मासो खाल्लात खंय?"

बायकोला खेळातलं काय कळतं.

४ डिसेंबर

समितीची बैठक. अहवाल मोठ्याने वाचला गेला. शेवटच्या वाक्याला कोणीतरी खोकलं. मतं तीन–तीन. अध्यक्षांनी स्वतःचं मत द्यायचं टाळलं. ते देवळाचे मानकरी. म्हणाले, देवीला विचारू.

कौल! प्रशिक्षक ठेवायचा की नाही, यासाठी कौल!

६ डिसेंबर

सकाळी देवळात गेलो. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर ठेवायचे, डावी पडली तर नारळ. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. मीही म्हणालो. सर आले नव्हते.

वीस मिनिटं काहीच हललं नाही. मग उजवी पडली.

अकरा पानं एका पाकळीने उडवली. जेवलो नाही.

७ डिसेंबर

सर प्रयोगशाळेत आले. हातात माझा अहवाल. मी परीक्षानळ्या धूत राहिलो. मान वर केली नाही.

"तुमची अकरा पानां वाचलंय. एक आकडो चुकीचो नाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'तुमी'. पुढे 'पण' येईल म्हणून थांबलो. आला नाही.

"देवीन ठेवल्यान माका. तिना सामने खंय बघल्यान? तुमी बघलात."

राजीनामा देऊनच आले होते. पत्रात माझं नाव सुचवलंय म्हणे. मी विचारलं, माझंच कित्या? म्हणाले, मुलींकडे तुमच्याइतकं दुसरं कोणी बघत नाही. अहवालाची नीट घडी घालून खिशात ठेवली नि गेले.

जाता जाता मेहेरबानी करून गेला! मला लाज वाटावी म्हणून. वाटली नाही.

९ डिसेंबर

अध्यक्षांनी विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

१६ डिसेंबर

पहिला सराव. चार वाजता बारा मुली रांगेत. कर्णधार रश्मीने चेंडू माझ्या हातात दिला. "सर, माझो फ्री थ्रो खंय चुकता? टाकून दाखवा."

रेषेवर उभा राहिलो. चेंडू एवढा जड असतो, हे मला ठाऊक नव्हतं.