रंगुबाईचं रक्त आणि छगनची गाय

परळ, मुंबई
१६ डिसेंबर १९७३

प्रिय गोरक्ष यास,

राधाकृष्णाचा समुद्रापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे (सर्व म्हणजे मी, माझा पंख्याखाली झोपण्याचा हक्क सांगणारा रूममेट आणि लॅबमधले उंदीर). तुझी तब्येत कशी आहे? थंडीने कान गळून पडतील असं लिहिलं होतंस, ते अजून जागेवर असतील तर या पत्रासाठी जपून ठेव, कारण पत्र लांबणार आहे. तुझं ऑक्टोबरचं पत्र मिळालं. दोन पानं आरएनए आणि अर्धी ओळ बर्फ, असं तुझं एकंदर आयुष्य चाललेलं दिसतं. माझंही फारसं वेगळं नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, फोडायच्या, त्यातलं आरएनए वेगळं काढायचं आणि ते नळीत दिसलं नाही की साहेबांची बोलणी खायची. पण गेल्या आठवड्यात मी लॅबचं काम घेऊन थेट आपल्या मुलखात, देवळाली प्रवऱ्याला जाऊन आलो. त्याची हकिकत तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही (तसं ते आमच्या हॉस्टेलात कुणालाच लागत नाही).

बातमी आधी सांगतो, मग हसायचं ते हस. आपल्या रंगुबाईला हाच रक्ताचा कर्करोग झाला आहे. हो, तीच. नगरला दिल्ली दरवाजाजवळ जिची खानावळ होती आणि जिने आपल्याला चार वर्षं बाजरीच्या भाकरीवर पोसून बी.एस्सी. केलं, ती. खानावळ बंद करून ती आता देवळालीला भाच्याकडे, सहादेवाच्या वस्तीवर राहते. जूनमध्ये सहादेव तिला घेऊन इथल्या दवाखान्यात आला. डाव्या कुशीत गोळा, अंग मोडलेलं. मी लॅबमधून रक्ताच्या नळ्या आणायला खाली गेलो, तर बाकावर ही बसलेली. मला बघून काय म्हणाली असेल? म्हणाली, "राध्या, इथं जेवन बरं मिळतं का?"

रोग सावकाश चालणारा आहे. गोळ्यांनी पेशी आवरतात, गोळा बसतो, माणूस बरीच वर्षं हिंडतं फिरतं. तशी ती सुधारली आणि गावी गेली. ऑगस्टमध्ये तपासायला आली नाही, ऑक्टोबरमध्ये आली नाही. इकडे आमच्या साहेबांना तिच्याच पेशी पुन्हा हव्या होत्या, कारण जूनच्या नमुन्यात त्यांना काहीतरी रोचक दिसलं होतं (साहेबांना रोचक दिसतं तेव्हा माझी रविवारची सुटी जाते). मी म्हणालो, मी जातो, रक्त काढायला शिकलो आहेच. रक्त काढल्यापासून चोवीस तासांत लॅबमध्ये आलं पाहिजे आणि सगळा वेळ बर्फात राहिलं पाहिजे. म्हणून मला रुंद तोंडाचा, खांद्याला पट्टा लावायचा एक भला मोठा थर्मास देण्यात आला. साहेबांना वाटलं, थर्मास म्हणजे थर्मास. राहुरी तालुक्यात थर्मासचा अर्थ काय होतो, हे त्या बिचाऱ्या दादरच्या माणसाला काय माहीत!

तू पाच वर्षं बाहेर आहेस, म्हणून सांगतो. आपल्याकडे आता संकरित गायींचं वारं सुटलं आहे. गाय वळूकडे नेत नाहीत. डॉक्टर येतो आणि थर्मासमधून वळूचं बी आणतो. थर्मास खांद्याला लावून एस.टी.तून उतरणारा पँटवाला माणूस म्हणजे गायीचा डॉक्टर, दुसरं काही असूच शकत नाही. शनिवारी जाताना कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "जर्सी हाय का होल्स्टिन?" मी म्हणालो, रिकामा आहे. त्यावर मागच्या बाकावरचे एक म्हातारे हळहळले, "संपलं व्हय एवढ्यात!" आणि माझ्याकडे फार आदराने पाहू लागले.

वस्तीवर पोचलो तेव्हा रंगुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. वाळली आहे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकतात. पण जीभ तीच. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, बरं वाटतंय तर कशाला घ्यायच्या? सप्टेंबरपासून बंद. सहादेव माझ्या मागे उभा राहून हाताने खुणा करत होता, की माझं ऐकत नाही, तुम्हीच बघा. मी तिला शास्त्रीय पद्धतीने समजावायला गेलो. म्हटलं, मावशी, तुझ्या रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आहे. खानावळीत मेंबर वाढत जावेत, कामाचा एकही नसावा, सगळे नुसते जेवून बसावेत आणि खऱ्या मेंबरांना जागा उरू नये, तसं. ती शेंगा फोडायची थांबली. म्हणाली, "म्हंजी तू आन् गोरक्षा."

तिथेच माझं शास्त्र संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त काढायला बसलो. (लॅबमध्ये मी डोळे मिटून शीर शोधतो, अशी माझी ख्याती आहे.) पण ज्या हाताने आपल्याला वाढलं, त्या हातात सुई घालायची होती. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. ती शांतपणे बघत होती. म्हणाली, "त्या वक्ताला गोरक्षानं एका टोचन्यात काडलं हुतं." आठवतं का तुला? कॉलेजातून सायकलवर फडक्यात गुंडाळून मायक्रोस्कोप आणला होतास, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी, न विचारता. आपल्याला स्वतःचं बोट टोचायचा धीर होईना, तर तिने पिठाचा हात पदराला पुसून पुढे केला. आपण आयुष्यात पाहिलेल्या पहिल्या पेशी तिच्या. चुलीपाशी काच धरून आपण दोघं एकमेकांना ढकलत बघत होतो आणि ती विचारत होती, "माझं बरं हाय ना रगत?" तू म्हणालास, एक नंबर. आणि ते खरंच एक नंबर होतं रे. तिसऱ्या खेपेला मला शीर सापडली. नळी भरताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग चहा झाला आणि तिने तुझं काम विचारलं. तुझ्या पत्रातलं मी तिला समजेल असं सांगितलं. म्हटलं, पेशीत आरएनएची लांब दोरी तयार होते, ती जास्तीची असते, तिची टोकं चिरायला एक विळी असते. ती विळी गोरक्षाला सापडली आहे. पण तिला आरएनएचाच एक तुकडा चिकटलेला आहे. त्याचे साहेब म्हणतात, तो मळ आहे, धुऊन काढ. हा धुतो, तर विळी चिरेनाशी होते. परत घातला की चिरायला लागते. दोन वर्षं हा धुतोच आहे. रंगुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विळीचा पाट काडून टाकला तर ती उबी तरी राहील का?" मी म्हणालो, पाट चिरत नाही ना पण. तर म्हणते कशी, "तुला काय ठावं? तुमी ज्याला मळ म्हनून धुता, त्योच चिरत असंल. गोरक्षाला सांग, धुनं बंद कर." मी पोट धरून हसलो. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, हे आपण परीक्षेत किती वेळा लिहिलं! पण खरं सांगू, त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही. तू तुझ्या साहेबांना सांगू नकोस, तुझी शिष्यवृत्ती जाईल.

आता छगन. साडेनऊची मुंबई गाडी साखर फॅक्टरीच्या फाट्यावर मिळते आणि तीच एक. थर्मासमध्ये सहादेवाने पहाटे फाट्यावरून आणलेला बर्फ, बर्फात नळ्या, अशी सिद्धता करून मी उसाच्या बैलगाड्या चुकवत निघालो, तर रस्त्यात एक इसम गाय घेऊन आडवा. हा छगन. शनिवारी त्याने मला उतरताना पाहिलं होतं आणि पहाटेपासून तो वाटेवर थांबला होता. गाय माजावर होती आणि वेळ निघून चालली होती. मी सांगितलं, मी तो डॉक्टर नव्हे. तो म्हणाला, "समदे असंच म्हंत्यात." मी सांगितलं, यात रक्त आहे. तो म्हणाला, "दावा." मी पुढे, तो मागे, गाय त्याच्या मागे, अशी मिरवणूक काही वेळ चालली. शेवटी त्याने थर्मासच्या पट्ट्याला हात घातला, मी खेचला, झाकण उडालं आणि बर्फ रस्त्यावर. नळ्या मी छातीशी धरून वाचवल्या. गायीने पुढे होऊन बर्फाचे दोन मोठे तुकडे चाटून संपवले. (त्या गायीचं त्या दिवशी झालेलं समाधान एवढंच.)

छगनने नळ्यांतला लाल रंग पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"कुनाचं हाय?"

"सहादेवाच्या मावशीचं. मुंबईला तपासायला न्यायचंय. बर्फ नसला तर खराब होईल."

एवढं म्हणेपर्यंत मला रडू कोसळायच्या बेतात होतं. त्याने गाय बाभळीला बांधली, उसात टेकवलेली सायकल काढली, म्हणाला, "बसा मागं." गोरक्ष, तशा वेगाने मी पुन्हा कधी जाणार नाही. फाट्यावरच्या सोडावाल्याच्या भुश्शातून त्याने बर्फाची लादी ओढून काढली, दगडाने फोडली, थर्मास भरला. तोवर गाडी सुटली. छगनने सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि स्वतः तिच्यापुढे उभा राहिला. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, त्याने परत दिल्या आणि मला आत ढकलून साऱ्या गाडीला ओरडून सांगितलं, "बाईमानसाचं रगत हाय! वाटंत बर्फ बगा!"

मग काय, ते रक्त गाडीचंच झालं. कुणी विचारलं काय आजार, मी सांगितलं. नंतर नगरला एक पागोटंवाले गृहस्थ रसवंतीतून बर्फ घेऊन आले. पुण्याला कंडक्टर स्वतः उतरला. घाटात वळणं आली की शेजारची बाई माझ्याबरोबर थर्मास धरायची. दिवेलागणीला मी लॅबच्या दारात उभा होतो आणि बर्फ वस्तीवरून निघालो तेव्हापेक्षा जास्त होता.

पेशी उत्तम निघाल्या. साहेब खूश. पण मोजल्या, तर पांढऱ्या पेशी जूनच्या जवळ परत पोचल्या आहेत. गोळ्या सुरू केल्या तर पुन्हा आवरतील, असं डॉक्टर म्हणाले. तिने त्या मी निघायच्या आतच सुरू केल्या होत्या, ही चांगली बातमी. माझ्या सांगण्याने नाही. ते खाली लिहितो.

असो. कान झाकून हिंड. जेवणाचं तुझं तू बघतोस, त्यामुळे त्याबद्दल न विचारलेलंच बरं.

तुझा,
राधाकृष्ण

ता. क. — पत्राचं खरं कारण आता लिहितो. रंगुबाईने मला विचारलं, गोरक्षाचं काही पत्र? म्हणजे तिच्या नावाचं. पाच वर्षांत तू तिला एक ओळ लिहिलेली नाहीस, हे मला माहीत होतं. पण तिची ती वाळलेली मनगटं पाहून मी म्हणालो, आहे ना. आणि पिशवीतून लॅबचा टाइप केलेला इंग्रजी कागद काढला (नमुना थंड कसा ठेवावा, नियम एक ते नऊ) आणि तुझं पत्र म्हणून वाचून दाखवलं. त्यात तू लिहिलं आहेस की मावशी, तुझ्या हातच्या पिठल्याची चव इथे कशालाच नाही. की मावशी, गोळ्या एक दिवस चुकवू नकोस, माझी शपथ आहे. आणि पुढच्या पाडव्याला मी तुला भेटायला येतोय. तिने दोनदा वाचायला लावलं. मग आत गेली, पाण्याचा तांब्या घेतला आणि गोळी गिळली. तेव्हा कृपा करून या तीन गोष्टी अशाच्या अशा लिहून लगेच पत्र टाक. पाडव्याचं तू तुझं बघ. मी शब्द देऊन बसलो आहे.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवणार, तेवढ्यात सहादेवाच्या अक्षरातलं तिचं कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवतो. "राध्यास आशीर्वाद. गोळ्या रोज घेते. गोरक्षाचं पत्र लई ग्वाड हुतं. पर त्यो मला मावशी कदीच म्हनला न्हाई, आये म्हनायचा. तुला ठावं न्हाई, कारन तू समोर आसला की त्यो लाजायचा. फुडच्या टायमाला वाचताना ध्यानात ठिव."

गोरक्ष, तूच लिही.