खालचे दोन बर्थ

बसवनगुडी, बेंगळूर
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,

त्रिविक्रमचा साष्टांग नमस्कार. गुडघे आता जमिनीपर्यंत जात नाहीत, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.

तुझी राखी काल पोचली. पाकिटावर यंदाही 'चि. त्रिविक्रम' लिहिलं आहेस. पोस्टमनने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत विचारलं, "चिरंजीवी नीवेना सार?" म्हटलं, हो बाबा, मीच तो. सत्तरीला आलो तरी आमच्या अक्काच्या लेखी अजून मोठा झालेलो नाही.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "दिवाळीला येतोस की नाही, एवढंच सांग," म्हणतेस आणि उत्तराआधी रागावतेस. तर ऐक, येतोय. भाऊबीजेला तुझ्या पाटावर बसणार हे नक्की. कसं यायचं, एवढंच ठरायचं आहे.

विमानाने दीड तासात पुणे, हे खरं. पण आमच्या घरून विमानतळ गाठायलाच दोन तास लागतात, पुढे पट्टा काढा, घड्याळ काढा, चकलीचा डबा उघडून दाखवा. एवढं करून आत बसलं की बोलायला तोंड उघडावं तोवर उतरा म्हणतात. बसचं म्हणशील तर संध्याकाळी आडवं व्हायचं आणि सकाळी कात्रजला डोळे उघडायचे. सोपं आहे, पण वरच्या कप्प्यात चढायला शिडी असते आणि ती चढताना माझं ध्यान कसं दिसेल ते मला कुणाला दाखवायचं नाही.

राहिली रेल्वे. रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पुणे. जवळजवळ वीस तास जातात, पण पाय मोकळे करता येतात, वाडीला चहा मिळतो, सोलापूरच्या आसपास डबा उघडता येतो. खालचे दोन बर्थ मिळाले तर आम्ही आरामात येऊ. १८ ऑक्टोबरची तिकिटं १९ ऑगस्टला सकाळी आठला उघडतात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

काल इथवर आलो आणि कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून उठलो. आज पाकिटात घालायच्या आधी वाचून पाहिलं. 'खालचे दोन बर्थ.' 'आम्ही.' शिडी चढताना कुणाला दाखवायचं नाही म्हणे! बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढली, लोकांच्या कामातला केसभर फरक पकडला, आणि स्वतःच्या पत्रात ही धोंड दिसली नाही.

खोडायला पेन उचललं होतं. पण आमच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नसे. चुकलेलं वाचता येईल असं ठेवायचं, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि खाली सही करायची. तसंच करतो.

दुसऱ्या बर्थचं नाव नीलिमा. मूळची नागपूरची, वय त्रेसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मारतहळ्ळीला मुलाकडे असते. मुलगा निहार संगणकाच्या कंपनीत आहे. मंडळाच्या वाचनालयात दर शनिवारी मी नव्याने आलेल्या मराठी आईबापांना कन्नड शिकवतो, तिथे ती आली. थोडं आणि बरं, म्हणजे 'स्वल्प' आणि 'सरी', एवढ्या दोन शब्दांवर तिने बेंगळुरात वर्ष काढलं होतं. मी तिचं कन्नड सुधारतो, ती माझं मराठी सुधारते. तिचं काम जास्त आहे.

तुला आठवतं, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा मी तुला म्हणालो होतो, "अक्का चल, आम्ही जेवूया," आणि तू हसून लोळली होतीस? "अरे, मला सोडून जेवणार असशील तर आम्ही. मला धरून जेवणार असशील तर आपण." घरात सगळेच तसं बोलायचे. कन्नडमध्ये दोन्हीला एकच 'नावु', म्हणून आमच्या जिभेला ती सवय. तू पुण्याची झालीस आणि सुधारलीस, मी तसाच राहिलो.

तर गेल्या महिन्यात वर्ग संपल्यावर नीलिमाला धीर करून म्हणालो, "दिवाळीत आम्ही पुण्याला जायचं का?" ती म्हणाली, "जा ना. मला कशाला विचारता?" आणि पुढचे दोन शनिवार आलीच नाही. मी इकडे हैराण. तिला वाटलं, मी घरच्यांबरोबर जाणार आणि तिला नुसतं ऐकवतोय. तिसऱ्या शनिवारी ती आली, वही उघडून बसली आणि सगळ्या वर्गासमोर तिने शिकलेल्या कन्नडमध्ये मला विचारलं, "सार, नावु अंद्रे नानू इद्दीना?" म्हणजे आपल्यात मीही आहे का? मी मराठीत म्हणालो, "आहेस." वर्गातले म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. अक्का, मी लाजलो.

विमान मला हवं होतं. तिला रेल्वे हवी आहे. "मुलगा मला नागपूरला विमानातून पार्सलासारखं पाठवतो. आता डबा उघडून, खिडकीशी बसून जायचंय. आणि वीस तास एकमेकांना सहन केलं, तर पुढचं बघू," म्हणते. माझ्या लेकीला, संहिताला, सांगितलं. ती हसली आणि "सरी अप्पा" म्हणाली.

आता खरं काय ते लिहायचं राहिलं. चार वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या जेवणात तू मला एका बाईंचं स्थळ सुचवलंस. अनुषाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, "तुला अनुषा कधी आवडलीच नाही." तिच्या आजारपणात तीन महिने इथे राहून तिची वेणी घालणाऱ्या तुला मी हे म्हणालो. त्यानंतरच्या भाऊबिजांना तिकीट मिळालं नाही, गुडघा दुखला, बस रद्द झाली. सगळं खोटं, अक्का. तिकिटं होती, गुडघाही चालत होता. तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं आणि मी गाड्यांवर खापर फोडत राहिलो.

माझं चुकलं. तू तेव्हा बरोबर होतीस, फक्त चार वर्षं लवकर. मला क्षमा कर. अनुषाचा फोटो होता तिथेच आहे, नीलिमा आली की त्याला फूल वाहते. मी आनंदात आहे आणि हे सर्वांत आधी तुला सांगायचं होतं. तरी तुलाच शेवटी सांगतोय.

नीलिमाची एकच अट आहे. तुला आधी कळल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवणार नाही. "बहिणीच्या घरी मी अचानक उगवणार नाही," असं तिने बजावलंय. तू नको म्हणालीस तर मी एकटा येईन, पण येईन. तुझ्या पाटावर बसणं आता चुकवणार नाही. दोघं आलो तर मात्र त्या दिवशी आपण तिघं एका पंगतीला जेवू. हा 'आपण' बरोबर आहे, तपासून घेतलाय.

तेव्हा १९ तारखेच्या आत फोन कर. रागावलीस तरी चालेल, मी ऐकून घेईन. शेवटी फक्त एक शब्द नीट ऐकू येईल असा बोल. 'ये' म्हणालीस तर एक बर्थ काढेन, 'या' म्हणालीस तर दोन.

तुझा अजूनही चिरंजीव,
त्रिविक्रम