सदतीस दारं, सदतीस चौकटी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे. कारण पुढे येईलच.) गुडघे कसे आहेत? आणि दमा? दम्याची चौकशी मुद्दाम करतोय, कारण इथे इतकी धूळ आहे की तू पाहणीला येऊच नयेस, असं माझं प्रामाणिक मत आहे. वर्षभरात काकांची हवेली राहण्याजोगी झाली नाही तर विकून टाकायची, ही तुझी अट मी विसरलेलो नाही. वर्ष या महिनाअखेरीस संपतंय, हेही विसरलेलो नाही.

डिझायनरबाई हुशार आहेत. त्यांचं म्हणणं, हवेली बाहेरून शंभर वर्षांपूर्वीची दिसावी आणि आतून पुढच्या वर्षीची. त्यामुळे दिवाणखान्यात नक्षीदार छताखाली आता एक राखाडी कोच आहे. त्यावर बसता येतं, उठता येत नाही. न्हाणीघराला काचेची भिंत आहे, म्हणजे मोकळं वाटतं म्हणे. वाटतंच! अंघोळ करताना गवंडी मला दिसतो, मी गवंड्याला दिसतो, आणि आम्ही दोघं भलतीकडे बघत सिमेंटबद्दल बोलतो. हे सगळं मी मुकाट्यानं सोसलं. फक्त जुनी दारं आपापल्या जागीच परत बसली पाहिजेत, अशी वारसा समितीची सक्त ताकीद होती, आणि या सगळ्या प्रकारात मला मनापासून पटलेली ती एकच गोष्ट.

म्हणून सुतारमामांनी पॉलिशसाठी सदतीस दारं उतरवली, अंगणात ओळीनं मांडली आणि प्रत्येकावर खडूनं आकडा घातला. तोच आकडा त्याच्या चौकटीवर. मग ते जेवायला गेले. आता माझा स्वभाव तुला माहीत आहे, हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही (आणि बसायचं तर त्या कोचावर!). इकडे तिकडे खडूचे फराटे दिसले. म्हटलं, मामा येईपर्यंत तेवढीच मदत. ओलं फडकं घेतलं आणि सदतीसच्या सदतीस दारं दोन्ही बाजूंनी लख्ख पुसली. कंबर धरली ती तेव्हा. मामा आले, बघत राहिले, पायरीवर बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, चौकटींवरचे तरी आकडे आहेत ना?"

सुरुवातच मी चौकटींपासून केली होती.

ताई, ही दारं दिसतात सारखी, पण एकही सारखं नाही. कुठलं बोटभर उंच, कुठलं सूतभर रुंद. कोठीत बसवलेलं बंद होत नाही, माडीवर बसवलेलं उघडत नाही (डिझायनरबाई अर्धा दिवस आत होत्या). जरा रंधा मारू म्हटलं तर समितीचे साहेब अंगावर येतात. लहानपणी तू मला जे म्हणायचीस, ते आता सगळे नुसत्या नजरेनं म्हणतात. काल त्या ओळीसमोर उभा राहिलो आणि रडू आलं. घर जाणार, आणि तेही माझ्याच हातांनी.

असो. तू काळजी करू नकोस, येऊ नकोस, तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. 'येऊ नकोस' असं वर दोनदा सुचवलंय, ते दोन्ही ठिकाणी खोडून टाक. पहिल्या गाडीनं ये. रोज संध्याकाळी सगळी दारं लावायचं काम काकूनं तुझ्यावर टाकलं होतं. कुठल्या दाराला खांदा द्यावा लागतो, कुठलं जरा उचलून ओढावं लागतं, हे फक्त तुझ्या हातांना माहीत आहे. मी तेव्हा अंगणात खेळत असायचो. एकदाच सदतीस दारं पुसली तर माझी कंबर गेली. तू ती रोज लावायचीस. हे घर मला इतकं का आवडतं आणि तुला का नाही, ते मला आत्ता, या वयात, फडकं पिळताना कळलं.

ता. क. २. एक दार मात्र सापडलं. तुझ्या खोलीचं. आतल्या बाजूला, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात पोचेल इतक्या उंचीवर, खिळ्यानं कोरलंय: 'धाकटा गाढव आहे'. (हे पुसून जात नाही. बघितलं पुसून.) पॉलिशवाला घासायला निघाला होता, मी आडवा पडलो. समितीच्या साहेबांनी चष्मा लावून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि यादीत नोंद केली: 'मूळ लेख. जसाच्या तसा जतन करावा.' तेव्हा आता इलाज नाही. हवेली विकलीस तर मी कायमचा परक्या घरातला गाढव होईन. ठेवलीस तर निदान आपल्या घरातला.