अहवाल आधी गल्लीत वाचावा

मी, प्रमिलाबाई बन्सीलाल पाटील, वय ७१ वर्षे, निवृत्त अंगणवाडी कार्यकर्ती, राहणार श्रमसाफल्य सोसायटी, चौथी गल्ली, डिंडोली, सुरत, माझ्या पश्चात काय व्हावे हे आज लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे गेले, डावा कान गेला, पण मृत्युपत्राला त्यांची गरज नाही. हे कोणी दाबून किंवा गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. थकले आहे, आणि थकलेल्या माणसाने कामे उघडी टाकून जाऊ नये, एवढेच कारण.

कलम १. माझे पती बन्सीलाल पलसाण्याच्या प्रोसेस मिलमध्ये रंगखात्यात होते. ते २०१४ साली वारले. वारस दोन. मुलगा योगेंद्र बारडोलीला राहतो, मुलगी रंजना नंदुरबारला दिलेली आहे. योगेंद्रच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. त्याने त्यांना हा कागद गुजरातीतून वाचून दाखवावा. मधले काही गाळू नये.

कलम २. घर माझ्या नावावर, स्वकष्टाचे व निर्वेध आहे. वरचा मजला आणि मागचे स्वयंपाकघर योगेंद्रला. जिना बाहेरून आहे, त्यामुळे अडचण येणार नाही. शिवणयंत्र, दोन पाटल्या आणि पितळी पातेली रंजनाला. योगेंद्रच्या बायकोने पातेली मागितली होती हे मला आठवते, तरीही रंजनाला.

कलम ३. रस्त्याकडची पुढची खोली आणि ओटा मी आमच्या गल्लीच्या नोंदणीकृत महिला मंडळाला देत आहे. ती विकू नये, भाड्याने देऊ नये. ती कॉलेजच्या मुलांना वापरू देण्याच्या अटी कलम ७ मध्ये आहेत. "आई, कॉलेजच्या पोरांसाठी घरातली खोली कोण देतं?" असे योगेंद्र म्हणाला. त्याचे उत्तर पुढच्या तीन कलमांत आहे. तोंडी सांगायला गेले की तो मोबाइल बघतो.

कलम ४. एकतीस वर्षे मी या वस्तीत अंगणवाडी चालवली. कोणत्याही कॉलेजला वस्ती बघायची असली की ते आधी माझ्याकडे येत. "प्रमिलाबेन, चाळीस घरं दाखवा." मी दाखवायची. पोरे टोप्या घालून यायची, रस्ता झाडायची, रोपे लावायची, फोटो काढायची. घरात माणसे किती, संडास आहे का, पाणी कुठून भरता, नवरा पितो का, सगळे विचारायची. बाया उत्तरे देईनात. मी त्यांना म्हणायची, "सांगून टाका, शिकलेली मुलं आहेत, यातून काही चांगलं होईल." माझ्या शब्दावर दारे उघडत. कोण आले, किती जण, काय विचारले, हे मी वह्यांत लिहून ठेवी. शेवटचा रकाना होता, "परत आले का". तो बहुतेक पानांवर कोरा आहे.

कलम ५. जानेवारी २००९ मध्ये प्रा. मारुती देवरे वीस मुले घेऊन आले. पाण्याचा सर्व्हे होता. मुलांनी चांगले काम केले, हे मी आजही म्हणते. नळ कुठून येतो, कुठून जातो, वाकून वाकून पाहिले. मग गेली. त्याच पावसाळ्यात चौथ्या गल्लीत कावीळ आली. अकरा मुले पडली. दहा उठली. शोभाबाईची मुलगी उठली नाही. ती माझ्या अंगणवाडीत शिकून नुकतीच पहिलीत गेली होती. मुले पडल्यावर शोध झाला आणि आठ दिवसांत कारण सापडले. कोण्या खाजगी ठेकेदाराने जोडलेली नळी गटारातून गेली होती, आणि तिथेच ती कुजली होती. लगेच बदलली.

दिवाळीनंतर कॉलेजात समारंभ झाला. देवरे सरांच्या प्रकल्पाला बक्षीस मिळाले होते आणि सहकार्याबद्दल मला शाल. मी व्यासपीठावर बसले असताना एका मुलाने अहवालातला उतारा वाचला. चौथ्या गल्लीतील पिण्याच्या पाण्याची नळी गटारातून जाते, हे धोक्याचे आहे. तारीख फेब्रुवारीची होती. पावसाच्या चार महिने आधीची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली, चहा घेतला आणि रिक्षाने घरी आले.

शोभाबाईला मी हे सांगितले नाही. आठ वर्षे सांगितले नाही. ती रोज माझ्या दारावरून कारखान्यात साड्यांना टिकल्या लावायला जायची, मी "जेवली का" विचारायची. देवरे सरांवर माझा राग आहे आणि तो मी कोणाच्या नावे करीत नाही, माझ्याबरोबर नेते. पण दारे त्यांनी उघडली नव्हती. मी उघडली होती.

कलम ६. २०१७ साली चैताली बोरसे नावाची बाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी ओळखले नाही. म्हणाली, "मी त्या वीस मुलांत होते. आता त्याच कॉलेजात शिकवते. नळीचं ते पान मीच लिहिलं होतं."

मी विचारले, "मग तेव्हा का सांगितलं नाहीस? दोन पावलांवर घरं होती."

ती म्हणाली, "अहवाल दिला म्हणजे सांगून झालं, असं वाटलं होतं. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मुलीचं मला गेल्या महिन्यात कळलं."

ती रडली नाही, मीही नाही. मी तिला पाणी दिले आणि हात धरून शोभाबाईच्या घरी नेले. तिघी बसलो आणि आम्ही दोघींनी सगळे सांगितले. शोभाबाई अहिराणीत एकच बोलली, "आते जा तुम्ही." त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. ती दुसऱ्या गल्लीतून वळसा घालून कामाला जायची.

चैतालीने कॉलेजात भांडून एक नियम करून घेतला. मुलांनी जे शोधले ते आधी गल्लीत वाचायचे, मगच गुण. पहिल्या वेळी मुलांनी रंगीत तक्ते आणले, इंग्रजीमिश्रित गुजराती बोलली, बाया उठून स्वयंपाकाला गेल्या. दुसऱ्या वेळी एका पोरीने घाबरत अहिराणीत सांगितले. गल्लीतल्या मालतीबाईने मध्येच अडवले, "तो नळ मंदिरापुढे नाही, मागे आहे. खोडा ते." मुलांनी खोडले. मग काय विचारायचे हेही बायाच ठरवू लागल्या. त्यांनी रेशनकार्डांचे विचारायला लावले, मुलांनी घरोघर जाऊन कागद जुळवले, बायांबरोबर कचेरीत रांगेत उभी राहिली. सगळी कामे झाली नाहीत. निम्मी झाली असतील. पण मुले परत येत राहिली, आणि एके दिवशी शोभाबाई ओट्याच्या कडेला येऊन बसली.

कलम ७. पुढच्या खोलीच्या अटी. दर शनिवारी दुपारी ती कॉलेजच्या मुलांना उघडी असावी. प्रश्न गल्लीने ठरवावेत. जे सापडेल ते पंधरा दिवसांत, गल्लीला कळेल अशा बोलीत, याच ओट्यावर वाचावे. धोक्याचे असेल तर त्याच दिवशी दार ठोठावून सांगावे. नुसती रोपे लावून फोटो काढणाऱ्यांना खोली देऊ नये. सलग सहा महिने कोणी आले नाही, तर मंडळाने तिथे पाळणाघर चालवावे आणि कॉलेजची वाट बघत बसू नये. मी पुष्कळ पाहिली.

कलम ८. माझ्या वह्या चैताली बोरसे यांना. त्यांनी त्या कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि आमच्या गल्लीतल्या कोणालाही तिथे बसून वाचू द्यावे, असा कागद प्राचार्यांकडून घ्यावा. नाही मिळाला तर वह्या देऊ नयेत. अंगणवाडीचा वजनकाटा सरकारी होता, परत केला आहे. सात शाली आहेत, थंडीत ज्याला हव्यात त्याला द्याव्यात.

कलम ९. या कागदाची अंमलबजावणी रंजनाने करावी. योगेंद्रने रागावू नये. तो चांगला मुलगा आहे, फक्त त्याला घाई असते.

सहीपूर्वी केलेली दुरुस्ती. आज हा मसुदा मी दोन्ही साक्षीदारांना ओट्यावर वाचून दाखवला. दोघांनाही यातून काही मिळत नाही. शोभाबाईने कलम ५ पुन्हा वाचायला लावले. मी वाचले. ती म्हणाली, "मन्ही पोरले नाव व्हतं, प्रमिलाबाई. ते लिखी दे." सबब कलम ५ मध्ये "शोभाबाईची मुलगी" असे जेथे आहे, तेथे "चंचल धुडकू महाजन, वय सहा वर्षे" असे वाचावे. ही दुरुस्ती मी माझ्या हाताने केली असून तिच्यापुढे माझी आणि चंचलच्या आईची सही आहे.

ठिकाण : डिंडोली, सुरत
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार : प्रमिलाबाई बन्सीलाल पाटील (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. भगवंत रामचंद्र सोनवणे, निवृत्त रेल्वे कर्मचारी, तिसरी गल्ली (सही)
२. शोभाबाई धुडकू महाजन, चौथी गल्ली (सही)