एकेचाळीस नंबरची पवनचक्की

६ मार्च, शुक्र.
उजाडायच्या आत माळावर, नऊच्या मीटिंगला घरी. वर इस्त्रीचा शर्ट, खाली मोज्यांत कुसळं. साहेब पुन्हा तेच: "नगरला बसून नेमकं करतोस काय?" (ते पुण्यात बसून नेमकं काय करतात, हे कोण विचारणार?) घरून कामाची परवानगी महिनाअखेर संपतेय. पुण्याला बोलावलं की माळ संपला.
पण आज खोकडाची तीन पिल्लं! मांजराएवढीही नाहीत. बीळ दाखवलं मेंढ्या राखणाऱ्या सोपानतात्यांनी. "कुनाला सांगू नगा, येवढंच." शब्द दिला.

११ मार्च
हापिसात 'छंद सप्ताह'. नावानेच शिसारी. साहेब लाडात: "तुझे ते कोल्हे दे ना. वरच्यांना दिसू दे. मुदतवाढीच्या अर्जाला बरं पडेल."
कोल्हा नाही, खोकड, एवढंही बोललो नाही. दिला फोटो. फाईलमध्ये आपोआप नोंदलेलं ठिकाण पुसलं, दोनदा तपासलं. लोक कुठे आहेत ते टिपणारं अ‍ॅप लिहून पोट भरतो, एवढी अक्कल आहेच. तात्यांना सांगितलं नाही. कशाला उगाच.

२० मार्च, शुक्र.
परवानगी सहा महिने वाढली. आईने शिरा केला.
शिरा खाता खाता कंपनीच्या पानावरच्या कमेंटी वाचल्या. एकजण: "मागे खांबावर ४१ दिसतंय. पारनेरकडची पवनचक्की ही." खाली दुसरा: "रविवारी कोण कोण?"
फाईलमधलं ठिकाण पुसलं, चित्र बघितलंच नाही मी. पिल्लांच्या डोक्यावर ढळढळीत आकडा. गाढव!
साहेबांना फोन. फोटो काढा म्हटलं. "अरे, सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट आहे. सोमवारी बघू." मी "बरं" म्हणालो. बरं!

२२ मार्च, रवि.
नवं व्हर्जन आजच सोडायचं होतं. परवानगी ताजी, नाही कसं म्हणणार? लॅपटॉप मिटायला चार वाजले.
माळावर नऊ गाड्या. बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या. बिळाच्या तोंडाशी कोंबडीचे तुकडे, तेही दोरीने खुंटीला बांधलेले, म्हणजे पिल्लांची आई घेऊन पळायला नको. एकजण बिळात काठी घालून: "मी काढतो बाहेर, तुम्ही फोकस लावून ठेवा."
ओरडलो. हातातली काठी हिसकावली. तो हसला. "ते फोटोवाले तुम्हीच का? सर, एक सेल्फी!"
काढलाही त्याने. त्यात माझ्या हातात काठी आहे.
घरी येऊन दोनदा हात धुतले.

२९ मार्च, रवि.
सकाळीच साहेबांचा मेसेज: "पुढच्या महिन्यात अजून एक कोल्हा होऊन जाऊ दे!" उत्तर दिलेलं नाही.
कॅमेरा न घेता माळावर गेलो. बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. तात्या लांबून चालले होते, पळत गाठलं.
"तात्या, चुकलं माझं."
"व्हय."
"पिल्लं हलवली का तिनं? दिसली कुठं?"
"न्हाई."
"माग तरी?"
"न्हाई म्हन्लं न्हवं."
पुढे गेले. रोज मेंढ्या ओढ्यावरून नेतात, आज उन्हातून केवढा वळसा घातला. कुत्र्याच्या गळ्यात दोरी. त्या कुत्र्याला दोरी मी कधी पाहिली नव्हती.
ओढ्याकडे न बघता गाडीला किक मारली. तात्या खोटंच बोलले असू देत.