साहेब घरूनच काम करतात, आमच्या

तीर्थरूप मामांना, खुर्चीतून उठून, वाकून केलेला नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं पित्त? बाकी सगळं क्षेम असणार, नसतं तर मामींचा फोन आला असता. तुम्ही पत्र लिहिता ते आम्हा धाकट्यांचं काही चुकतंय अशी तुमची खात्री पटल्यावरच. तुमचं पत्र मिळालं. घरी बसून काम करणारी माणसं सुस्तावतात, कामाचा उरक जातो, आणि सकाळी इस्त्रीचे कपडे घालून घराबाहेर पडल्याशिवाय माणसाच्या मेंदूला चालना मिळत नाही, हे तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. ज्याने सगळी नोकरी एका खुर्चीत काढली (आणि मामी म्हणतात त्याप्रमाणे बऱ्याचशा दुपारी त्याच खुर्चीत डोळे मिटून काढल्या), अशा जाणत्या माणसाने इतक्या कळकळीने लिहावं आणि भाचीने उत्तर देऊ नये, हे शोभत नाही. उत्तराला उशीर झाला तो मी सुस्तावले म्हणून नव्हे. घरात लिहायला जागाच नव्हती. का नव्हती, ते आता सविस्तर सांगते. मामींनाही वाचून दाखवा, पण शेवटचा भाग आधी तुम्ही एकट्याने वाचा.

मी विमा कंपनीत दावे तपासते हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणाच्या स्वयंपाकघरातला नळ फुटतो, कुणाच्या छतातून पाणी गळून टीव्ही जातो, मग ती माणसं आमच्याकडे भरपाई मागतात, आणि ती का मिळणार नाही हे त्यांना गोड शब्दांत कळवणं हे माझं काम. त्यासाठी एक टेबल, एक लॅपटॉप आणि दगडाचं काळीज एवढंच लागतं, आणि तिन्ही गोष्टी आमच्या घरात मावतात. पूर्वी हेच काम करायला मी दोन बस बदलून, उभ्याने, गावाच्या दुसऱ्या टोकाला जात असे. त्या प्रवासात अनोळखी माणसांच्या कोपरांशी माझी जितकी जवळची ओळख झाली, तितकी शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी कधी झाली नाही. मग घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी सुखी झाले. सासूबाई मात्र हे काम आहे असं मानायला तयार नव्हत्या. "दिवसभर त्या डब्याशी बोलत बसते," असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत. भांडी वाजवून, कुकरची शिट्टी नेमकी माझ्या सभेच्या वेळी काढून, आणि मी कुणाचा दावा फेटाळत असताना "कोथिंबीर संपली" असं मागून जाहीर करून, त्या मला माझी जागा दाखवत. पण हे सगळं एकाच छपराखाली चालत असल्यामुळे बसभाडं वाचत होतं.

एवढ्यात आमच्या शाखेत नवे साहेब आले. नव्या साहेबाला काहीतरी बदलावंच लागतं, नाहीतर तो आला हे कळणार कसं? त्यांनी सगळ्यांना पुन्हा ऑफिसात बोलवायचं मनावर घेतलं. सभेत (म्हणजे पडद्यावरच्या आपापल्या चौकटीत बसून) बाकीचे गप्प होते. मला मात्र अवदसा आठवली. मी म्हणाले, "साहेब, घरून माझी कामं जास्त निघतात. आकडे बघा."

साहेब म्हणाले, "आकडे दिसतात हो. माणसं दिसत नाहीत."

प्रकरण वरिष्ठ कार्यालयात गेलं. तिथून उत्तर आलं की घरून काम नेमकं कसं चालतं हे साहेबांनी स्वतः पाहून अहवाल द्यावा, आणि त्यावर सगळ्या शाखेचा निर्णय होईल. पाहणीसाठी एक घर निवडायचं होतं. ज्याने तोंड उघडलं त्याचंच घर निवडलं गेलं. सहकाऱ्यांनी मला शुभेच्छा दिल्या, ज्या सुरात शस्त्रक्रियेला जाणाऱ्याला देतात त्या सुरात.

ठरल्या दिवशी साहेब आले. उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं, आणि खोलीत शिरताना 'आत्ताच इथून कुणीतरी काहीतरी लपवलंय' असा चेहरा. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसून म्हणाले, "मी इथे नाहीच असं समजा." मी समजले. सासूबाईंना ते जमेना. दुपारी त्या जेवणाचं विचारायला आल्या तर साहेब म्हणाले, डबा आणलाय. सासूबाईंनी डबा उघडून पाहिला. आत पावाचे दोन काप होते आणि दोघांच्या मध्ये काही नव्हतं.

"हे काय आहे?"

"जेवण, काकू."

"हे जेवण नाही. ही तक्रार आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ताट वाढलं.

साहेबांची बायको दुसऱ्या शहरात नोकरीला असते आणि साहेब इथे भाड्याच्या घरात एकटेच राहतात, हे आम्हाला आमटीच्या दुसऱ्या वाटीपर्यंत कळलं. तिसऱ्या वाटीला त्यांनी गळ्याजवळचं बटण काढलं. संध्याकाळी निघताना म्हणाले, "एका दिवसात काय कळणार? उद्या परत यावं लागेल." दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा डबा नव्हता. त्यानंतर त्यांनी कारण देणंही सोडून दिलं.

मामा, पाहुणा आणि अधिकारी या दोन जाती वेगवेगळ्या ठेवण्यात पूर्वजांचं शहाणपण होतं. पाहुण्याला 'आता निघा' असं सुचवता येतं आणि अधिकाऱ्याला घरी जेवायला घालावं लागत नाही. आमच्याकडे दोन्ही एकाच देहात आले होते. साहेबांची पाठ दुखते म्हणून खिडकीजवळची माझी खुर्ची त्यांना गेली. त्यांना फोनवर मोठ्याने बोलावं लागतं (समोरचा माणूस लांब आहे, हे ते मनापासून धरून चालतात), म्हणून मी टेबलावरून उठले आणि इस्त्रीच्या फळीवर लॅपटॉप ठेवून उभ्याने काम करू लागले. मग हिशेबनीस सहीसाठी आले. साहेब इथेच असतात तर रोज ये-जा कशाला, असा सूज्ञ विचार करून तेही राहिले. मग दावे विभागातल्या दोघी आल्या. मग प्रिंटर आला. तुमचे जावई प्रयोगशाळेतलं काम आटोपून दुपारी घरी येतात. ते एकदा आले तर साहेब त्यांच्या सपाता घालून येरझारा घालत होते, आणि हिशेबनिसांनी त्यांना दारातच विचारलं, "आपलं काय काम आहे?" जावई सोशिक आहेत. त्यांनी सांगितलं की पाणी प्यायचं आहे.

सासूबाईंचं मात्र सोनं झालं. ज्या डब्याशी मी बोलत होते तो डबा म्हणजे नोकरी आहे, हे त्यांना साहेबांच्या तोंडून कळलं, आणि त्यांनी ते लगेच माझ्याविरुद्ध वापरलं. "अगं, साहेब कधीचे येऊन बसलेत आणि तू अजून केस विंचरतेस?" असं त्या मला चारचौघांत म्हणू लागल्या. माझ्या घरात, माझ्या बेडरूममधून बाहेर यायला मला उशीर झाला म्हणून मी बोलणी खाल्ली. पुढे त्या कामकाजातही लक्ष घालू लागल्या. एका गृहस्थाचा दावा मी फेटाळत आणला होता, वॉशिंग मशीनमधून पाणी येऊन घर भिजलं म्हणत होता. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "देऊन टाका हो त्याला. आवाजावरून घरंदाज वाटतो." साहेबांनी देऊन टाकलं. पुढच्या आठवड्यात कळलं की त्या घरंदाज माणसाच्या घरात वॉशिंग मशीनच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मग तर बिचाऱ्याला गरजच होती."

त्या दिवशी मी निर्णय घेतला. दुसऱ्या सकाळी इस्त्रीचे कपडे घातले (फळी रिकामी मिळाली ती तेवढीच), दोन बस बदलल्या आणि ऑफिसात गेले. मामा, काय सांगू तुम्हाला. मजलाभर रिकाम्या खुर्च्या. टेबलांवर धुळीचा एकसारखा थर. पहारेकऱ्याला जिवंत माणूस पाहून इतका आनंद झाला की त्याने सगळ्या मजल्याचे दिवे लावले आणि मग लिफ्टपर्यंत परत जाताना तीनदा वळून मी आहे ना हे पाहिलं. मी खिडकीजवळ बसले. कुणी हाक मारली नाही, कुणी कोथिंबीर मागितली नाही, कुणी मोठ्याने फोनवर बोललं नाही. साचलेले सगळे दावे मी त्या दिवशी संपवले. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. ऑफिसात काम फार सुंदर होतं. तिथे कुणी असता कामा नये, एवढंच.

संध्याकाळी घरी आले तर सगळे गंभीर. साहेबांनी मला बसायला सांगितलं. (माझ्या सोफ्यावर.)

"आज न कळवता गैरहजर राहिलात."

"मी ऑफिसमध्ये होते, साहेब."

"ऑफिसमध्ये?" साहेबांनी हिशेबनिसांकडे पाहिलं. "पण सगळे तर इथे होते."

माझी रजा मांडली गेली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "निदान सांगून तरी जायचंस."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. बाकीची मंडळी पांगल्यावर मी साहेबांना सरळ विचारलं, की साहेब, तुम्ही घरून कामाची पाहणी करताय ना, मग ती एकदा तुमच्या स्वतःच्या घरी का करत नाही? तुमचे जावई स्वयंपाकघरातून बाहेर आले होते ते तसेच परत आत गेले. साहेब काढलेलं बटण लावत म्हणाले, "केली होती हो, पहिल्या महिन्यात. तिथे दिवसभर कुणी विचारत नाही, जेवलात का म्हणून."

मला क्षणभर भरून आलं. पण हे बोलताना ते माझ्या खुर्चीत बसलेले होते, त्यामुळे लवकर ओसरलं. तरी त्या संध्याकाळी मी त्यांना राहा म्हणाले, जेवून जा. जेवताना त्यांच्या बायकोचा फोन आला आणि ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, हेही नमूद करते. दुसऱ्या दिवशी ते माझी खुर्ची सोडून बाजूच्या स्टुलावर बसले. दुपारपर्यंत पाठ दुखली म्हणून परत खुर्चीत गेले, पण प्रयत्न केला.

मग अहवाल गेला. त्यात साहेबांनी लिहिलं की घरून काम केल्याने उरक वाढतो, मन प्रसन्न राहतं, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात जिव्हाळा निर्माण होतो आणि पचन सुधारतं. वरिष्ठ कार्यालयाने तो अहवाल डोक्यावर घेतला. इतकं चांगलं चाललंय तर जागेचं भाडं कशाला, असं म्हणून त्यांनी ऑफिसचा मजला सोडून दिला. माझी खिडकी, धूळ, शांतता, सगळं गेलं. पहारेकऱ्याला शेजारच्या इमारतीत काम मिळालं, तिथे माणसं आहेत, तो खुशीत आहे. आमच्या सगळ्यांना आपापल्या (हा शब्द हुकुमात मी आग्रहाने घालायला लावला) घरून काम करण्याची कायमची परवानगी मिळाली. साहेबांना बढती मिळाली आणि बदली झाली. म्हणजे मी सभेत जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं. आज टेबल माझं आहे, खुर्ची माझी आहे, आणि सासूबाई सवयीने जास्तीचा स्वयंपाक करून तो मलाच संपवायला लावताहेत. घरून काम करणाऱ्यांचं वजन वाढतं असंही तुम्ही लिहिलं होतं. ते खरं आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा, जिने चढू नका.

आपली,
घरी बसलेली भाची

ता. क. : साहेबांची बदली तुमच्याच शहरात झाली आहे. कंपनी तिथे नवी शाखा काढते आहे, पण अहवाल इतका पटल्यामुळे जागा घेणार नाही. साहेबांनी एखादं योग्य घर बघावं असं ठरलं आहे. खिडकीजवळ टेबल असावं, दुपारचं जेवण गरम असावं आणि घरातल्या कर्त्या माणसाला कार्यालयीन शिस्तीचं प्रेम असावं, एवढ्याच त्यांच्या अपेक्षा. असं घर माझ्या माहितीत एकच होतं, म्हणून पत्ता दिला. ते सोमवारी सकाळी पोचतील. मामींना तुम्ही सांगाल, की मी सांगू? तुम्ही सांगितलेलं बरं.

ता. क. दुसरा : साहेबांबरोबर सासूबाईही येत आहेत. त्यांची तिथे नीट घडी बसवून देते आणि मग परत येते, असं म्हणाल्या. घडी बसायला किती दिवस लागतात ते मी विचारलं नाही. परतीचं तिकीट त्यांनी काढलेलं नाही, आणि मीही आठवण केलेली नाही.