साडेसात ते सव्वाआठ

स्नेहलतागंज, इंदूर
३० ऑक्टोबर २००२

चि. मंजुषास काकूचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. दिवाळी पाच दिवसांवर आली, चिवडा कालच झाला, गुडघा आहे तसाच. ईमेल न करता टपालाने लिहिते आहे, कारण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करताना मला नीट रागावता येत नाही.

रविवारच्या वाचनसभेचं तुझं टिपण आमच्या सायबर कॅफेवाल्या विजयने छापून दिलं. त्यात लिहिलं आहेस, 'सुलोचनाकाकू गैरहजर. त्यांचं वाचन झालं नाही.' खाली चारुलताबाईंची मल्लिनाथी, की भारतात घड्याळ शोभेला बांधतात.

मी संध्याकाळी साडेसातला त्याच्या कॅफेत संगणकासमोर कानाला हेडफोन लावून बसले होते. सव्वाआठपर्यंत कोणी नाही. विजय म्हणाला, "आंटीजी, आपके अमेरिकावाले आज सो गए दिखते हैं. घर जाव, भोत टेम हो गया." मी उठले. तुम्ही इथल्या साडेआठला सुरू केलंत.

वाचनालयात जाऊन शोधलं तेव्हा कळलं. त्याच पहाटे तुमच्याकडे घड्याळं तासभर मागे घेतली. तुमचे सकाळचे दहा दहाच राहिले, माझे साडेसात मात्र साडेआठ झाले. सिंगापूरचा श्रीहरीही तासभर आधी आला होता. त्याचा संगणक घरातच, म्हणून तो थांबू शकला.

'बहुतेक जण न्यू जर्सीत, म्हणून आमचीच वेळ सोपी,' असं तू मागे कळवलं होतंस. सोपी कोणाला?

तुझे काका मिलच्या टाइम ऑफिसात होते. मस्टरवर 'गैरहजर' लिहिण्याआधी उठून फाटकापर्यंत जाऊन बघत, कोणी धावत येतंय का. बाकीचे बाबू हसायचे. हसू देत.

त्यांच्यावरच लिहिलेली चार पानं मी रविवारी वाचणार होते. मिल बंद झाल्यानंतरची वर्षं. शेवटच्या पानावरचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुला आधीच सांगते.

इस्पितळात भेटायची वेळ चारची. मी तीनपासून खाली बाकावर होते. चौकीदाराने जिना चढू दिला नाही. ते साडेतीनला गेले. तेराव्याला तुझे बाबा चार लोकांत म्हणाले, "शेवटच्या घटकेला वहिनी नव्हत्या." मी गप्प बसले. पाच वर्षं गप्प होते. ती चूक दुसऱ्यांदा करणार नाही.

तर माझं म्हणणं असं. सभेची वेळ ग्रिनिचची लिहा, दुपारचे दोन. ती उन्हाळ्या-हिवाळ्यात हलत नाही. मी साडेपाच तास मिळवीन, श्रीहरी आठ मिळवील, तुम्ही आता पाच वजा करा, उन्हाळ्यात चार. एवढं गणित चौथी पास बाईला येतं, तुम्ही तर सगळे इंजिनियर. रविवारी सकाळी नऊला तयार राहावं लागेल. राहा.

आणि टिपण दुरुस्त करून सगळ्यांना पाठव. सुलोचनाबाई ठरल्या वेळी आल्या होत्या, सभा तासभर उशिरा सुरू झाली, असं लिही. चोवीस नोव्हेंबरला इथले साडेसात वाजले की मी पहिलं पान वाचायला घेईन, तुमच्यापैकी कोणी असो वा नसो.

तुझ्यावर माया आहेच. पण ही सही काकूची नाही.

वाचनसभेची सभासद,
सुलोचना पंढरीनाथ दिघे